पिठाविना एक पातेलं

"गहू बंद," नांदेडचे डॉक्टर म्हणाले. "आजपासून. जन्मभर."

मी हसलो. शेजारी बसलेल्या माझ्या बायकोनं, सुमननं, मला कोपरानं ढोसलं. डॉक्टरांपुढं हसू नये एवढी अक्कल तिला आहे, मला उशिरा येते.

"हसण्यासारखं काय आहे यात?" डॉक्टरांनी विचारलं.

"साहेब, माझी पिठाची गिरणी हाय. कळमनुरीला."

मला वाटलं, आता तेही हसतील. ते हसले नाहीत. हातातला रिपोर्ट त्यांनी टेबलावर ठेवला आणि माझ्याकडं नीट, पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं. मी स्वच्छ धुतलेला शर्ट घालून गेलो होतो, पण गिरणीवाल्याच्या कानामागचं पीठ काही जात नसतं.

आजाराचं नाव त्यांनी सांगितलं ते सीलिअॅक डिसीज. मला ते दोनदा विचारावं लागलं. गव्हात ग्लूटेन नावाचं एक प्रथिन असतं. त्यामुळंच कणीक मळली की ताणते, पोळी फुगते. काही माणसांचं शरीर या ग्लूटेनला शत्रू समजतं आणि त्याच्याशी लढता लढता स्वतःच्याच लहान आतड्याचं नुकसान करून घेतं. आतड्याच्या आतल्या बाजूला बारीक बारीक बोटांसारखे उंचवटे असतात, त्यांना व्हिलाय म्हणतात. अन्नातलं सत्त्व तेच शोषून घेतात. माझे ते उंचवटे सपाट झाले होते.

डॉक्टर हे चित्र काढून समजावत होते, पण मला ते आधीच कळलं होतं. गिरणीच्या दगडाला टाकी लावलेली असते, म्हणजे छिन्नीनं खाचा पाडलेल्या असतात. त्या खाचा झिजून दगड गुळगुळीत झाला, की दाणा वरून टाका आणि खालून तसाच घ्या. गिरणी फिरते, आवाज करते, वीज खाते, पीठ मात्र पडत नाही. माझ्या पोटाचं तेच झालं होतं. वरून घातलेलं खालून तसंच निघून जात होतं. याहून खुलासा करत नाही, वाचणारे समजदार आहेत.

हे सगळं सुरू झालं नव्वदच्या दशकाच्या शेवटी. आधी पोट बिघडायचं, मग बरं वाटायचं, मग परत बिघडायचं. कुणी आमांश म्हटलं, कुणी कावीळ पोटात बसली म्हटलं. वजन उतरत गेलं. पँटला पट्टा, पट्ट्याला नवीन भोक, असं करता करता पट्ट्याचं टोक मागं पाठीपर्यंत आलं. एका डॉक्टरांनी क्षयाची शंका घेतली, छातीचा फोटो काढला. फोटो साफ निघाला. त्या काळात माणूस वाळत चालला की गावाला एकच आजार सुचायचा. ज्या आजाराचं नाव लोक कानात सांगत, तो एड्स मला चिकटवून झाला. काही बाया दळणाचे डबे डोक्यावर घेऊन माझ्या गिरणीसमोरून पुढच्या गिरणीकडं जाऊ लागल्या. मी त्यांना हाक मारायचो, त्या पदर सावरायच्या.

घरचे मात्र जीव ओतून सेवा करत होते. पण ती कशी, ते ऐका. आमच्याकडं ज्वारीची भाकरी म्हणजे धडधाकट माणसाचं जेवण. आजारी माणसाला भाकर जड. त्याला हलकं द्यायचं. हलकं म्हणजे काय? तर रव्याची पेज, दलिया, दुधात कुस्करलेली पोळी. माझी माय तर पहाटे उठून शेवयांची खीर करायची.

"खा रं मारोती," ती म्हणायची, "गव्हात ताकद असती. भाकरीनं पोट फाटतं लेकरा तुझं."

भेटायला येणारा प्रत्येक जण बिस्किटांचा पुडा आणायचा. कुरुंद्याचे पाहुणे आले ते मोठा पाव घेऊन. मला उभं राहायला भिंत लागत होती आणि माझ्या उशाशी बेकरी भरली होती. गावात माझा एकही वैरी नव्हता, सगळे माझ्या भल्याचंच पाहत होते, आणि सगळे मिळून मला मारून राहिले होते.

शेवटी रक्त इतकं कमी झालं, की दळणाचा डबा गिरणीच्या वरच्या पाळ्यात, म्हणजे दाणा टाकायच्या तोंडात, ओतताना मी डब्यासकट खाली बसलो. मेहुण्यानं जीप आणली. नांदेडला तपासण्या झाल्या. एंडोस्कोपी म्हणजे तोंडातून कॅमेऱ्याची नळी आत सोडतात. ऐकायला भयंकर आहे, पण घशाला औषध मारतात आणि पाच-दहा मिनिटांचा खेळ असतो. तेवढ्यात आतल्या अस्तराचा कणभर तुकडाही घेतात, ती बायोप्सी. टीटीजी नावाची एक रक्ताची तपासणी असते. तिचं रक्त तेव्हा मुंबईला पाठवावं लागायचं. ज्यांच्या नशिबी हे येईल त्यांना एवढंच सांगतो, नळीला भिऊ नका. बाहेरच्या बाकड्यावर बसून वाट पाहणं त्याहून अवघड. तिथं प्रत्येकाला दुसऱ्याचा आजार विचारायचा असतो. मी सांगितलं की पोटाचा आहे, तर शेजारच्या चाचांनी प्रेमानं डबा उघडून पुढं केला. "भाईजान, पराठा खाओ, घर का है."

तर गहू बंद झाला. घरी आल्यावर सुमननं गव्हाची कोठी माडीवर टाकली. माय रडली. तिला वाटलं, आता पोराला जन्मभर आजाऱ्याचं जेवणही मिळणार नाही. मी मात्र खुशीत होतो. मराठवाड्यातल्या माणसाला ज्वारीवर जग म्हणणं ही काय शिक्षा झाली? डॉक्टर पंजाबात असते तर गोष्ट वेगळी. मी भाकरी खाऊ लागलो, पोट थोडं थांबलं, तोंडावर जरा रया आली, आणि मी परत गिरणीत उभा राहिलो.

आणि तिथंच गाडी अडकली. थोडा सुधारलो, पण थोडाच. वजन वर येईना. सहा महिन्यांनी परत टीटीजी केली, आकडा जवळजवळ तसाच.

डॉक्टर चिडले. "गहू खाता तुम्ही."

"न्हाई साहेब. लेकराची शपथ."

"बिस्किट? टोस्ट? लग्नातली पुरी?"

"अवो न्हाई साहेब," सुमन मधे पडली. "लग्नात हे निसतं आहेर करून येतात. जेवायचा डबा मी संग देते. भाकर अन् पिठलं."

"भाकरीचं पीठ कुठून आणता?"

आता मला हा प्रश्न म्हणजे अपमान वाटला. गिरणीवाल्याला विचारतात, पीठ कुठून आणता! मी ताठ बसलो आणि अभिमानानं सांगू लागलो. "आपल्याच गिरणीचं, साहेब. ताजं. दिवसभर गिऱ्हाइकाचं दळण काढतो, घरचं सगळ्यात शेवटी. आमच्या वडलांपासून रीत हाय ती. गिऱ्हाइकाला ताटकळत ठेवून आपलं दळून घेत नाही आम्ही."

"दिवसभर काय दळता?"

"गहूच जास्ती. आजकाल सगळ्यांना पोळ्या पाहिजेत."

"त्याच दगडात?"

"व्हय. पण आमी गिरणी धुतो ना. म्हणजे गव्हावर ज्वारी घालायची तर पहिली दोन मुठी ज्वारी तशीच फिरवतो. ती सगळं गव्हाचं पीठ ओढून घेऊन..."

मी थांबलो. दोन मुठी ज्वारीनं गिरणी धुतली जाते ती गिऱ्हाइकाची तक्रार येऊ नये एवढी. पाळ्यात, दगडाच्या खाचांत, पीठ पडतं त्या कापडी नळीच्या शिवणीत जे बसतं, ते कुठं जातं हे गिरणीवाल्याइतकं कुणाला माहीत असतं? ते जातं शेवटच्या दळणात. आणि शेवटचं दळण माझं होतं. गावातल्या प्रत्येक घरचा चिमूटभर गहू गोळा करून मी रोज संध्याकाळी घरी नेत होतो, आणि वर आमच्या वडलांची रीत म्हणून मिरवत होतो.

डॉक्टरांनी आणखी एक सांगितलं. गिरणीतलं पीठ नाकातोंडात जातं, घशात उतरतं, ते गिळलंच जातं. "मारोतराव, तुम्ही तिथं उभे राहाल तोवर हा आकडा उतरेल असं मला वाटत नाही. आतडं असंच राहिलं तर हाडं ठिसूळ होतील, रक्त भरणार नाही, पुढं आणखी वाईट होऊ शकतं. गिरणी सोडा."

येताना जीपमध्ये मी तेच घोकत बसलो. गिरणी सोडा म्हणणं सोपं आहे. गिरणीवर घर चाललं होतं, पोरीचं शिक्षण चाललं होतं. आणि दुसरं काही येत नव्हतं मला. शेती दीड एकर, तीही भावाकडं. मला धान्याच्या वासावरून ओल सांगता येते, गिरणीच्या पट्ट्याच्या आवाजावरून दोन दगडांमधलं अंतर सांगता येतं. या विद्येला गिरणीबाहेर कोण विचारतो?

कळमनुरीत उतरल्यावर सुमन म्हणाली, "मी चालवते."

"काय?"

"गिरणी. काहून, मला येत न्हाई का? तुमी आजारी पडले तवा कोण चालवत व्हतं?"

"ते दोन-चार दिवस. रोज उभं राहायचं म्हणजे... अन् घर?"

"घर तुमी चालवा," ती म्हणाली, आणि पिशवी माझ्या हातात देऊन पुढं चालू लागली.

माझ्या बिमारीपेक्षा या बातमीनं गाव जास्त हादरलं. "बाई गिरणीवर अन् बाप्या चुलीवर," असं आमच्या आळीत लहानथोर म्हणू लागले. माय दोन दिवस जेवली नाही. तिसऱ्या दिवशी जेवली, कारण मी केलेली भाजी करपली होती आणि करपल्याचा वास घेऊन उपाशी राहणं तिला जमेना. भाजी कशी करतात हे मला शिकवायला ती उठली ती उठलीच.

नियम सुमननं घातले. गिरणीतून आल्यावर ती मागच्या दारानं न्हाणीत जाई, अंघोळ करून, कपडे बदलून मगच घरात. लाटणं, पोळपाट, तवा, परात सगळ्यांना वर्षानुवर्षांचं पीठ लागलेलं, म्हणून ते माझ्यासाठी बाद. तिनं एक नवीन जाड बुडाचं पातेलं आणलं, झाकणासकट. त्याच्यासोबत एक डाव.

"तुमच्या पोटात जे जाईल ते ह्याच्यातून," ती म्हणाली. "पीठ न्हाई. कोनतंच न्हाई. जे खायाचं ते आख्ख्या दाण्याचं. धुऊन, निवडून."

तर असा मी एका पातेल्याचा स्वयंपाकी झालो. शौक म्हणून नाही. दुसरं भांडंच भरवशाचं नव्हतं, म्हणून डाळ, दाणा, भाजी सगळं एकातच.

सुरुवातीला तांदूळ. पण रोज भातानं भूक भागेना. मग आख्खी ज्वारी रात्रभर भिजवून शिजवली. चांगली लागते, पण दातांनी गिरणीचं काम करावं लागतं. राजगिरा घातला तर त्याची खळ झाली, तिनं वह्यांना कव्हरं चिकटवता आली असती. भगर बरी निघाली. हिंगाच्या डबीत मैदा मिसळलेला असतो हेही डॉक्टरांकडूनच कळलं, तेव्हा फोडणीतून हिंग गेला आणि लसूण दुप्पट झाला. हळदीचं मात्र सुख. कुरुंद्याची हळकुंडं घरीच खलबत्त्यात कुटायची.

पुढं दोन-तीन वर्षांनी मेहुण्याची मुलगी प्रणिता अमेरिकेतून आली. ती तिथं कंप्युटरच्या कामाला होती. तिनं सुमनला साडी आणली, मायला गरम शाल, आणि मला एक धान्याचं पाकीट.

"मामा, हे किन्वा आहे. तिकडं गहू न चालणारे लोक हेच खातात. याच्यात प्रोटीन भरपूर असतं."

मायनं पाकीट उलटंपालटं केलं. "किनवटचं हाय का?"

"नाही आजी, दक्षिण अमेरिकेतलं."

"मंग इतक्या दूरचं काहून आणलं? किनवटला भेटलं नसतं का?"

दाणे बारीक, राजगिऱ्यापेक्षा जरा मोठे, फिके पिवळट. मी हातावर घेऊन चोळून पाहिले, दाताखाली फोडले. उभा जन्म धान्यात गेलेला माणूस मी, अमेरिकेचं पॅकबंद धान्य, त्यात खडा नाही, काडी नाही, किडा नाही. त्याला धुवायचं कशाला? सरळ फोडणीवर टाकलं. पाणी ओतलं तर वर साबणासारखा फेस. मला वाटलं, ताकद वर येऊन राहिली. सगळ्यांना वाढलं. पहिला घास घेतला आणि सगळ्यांचे हात ताटातच थांबले. कडू. कारल्यासारखं नाही, साबण चाटल्यासारखं कडू.

सुमननं घास कसाबसा गिळला. "अवो, ताकद लई हाय यात," ती म्हणाली. "पोटात राहू देणार न्हाई काहीच."

प्रणिता हसून हसून वाकली. "मामा! धुतलं नाही? त्याच्या सालीवरच कडूपणा असतो!"

मग दुसऱ्या दिवशी नीट केलं. कृती सांगतो, कारण ज्यांना गहू चालत नाही त्यांच्यापैकी कुणाच्या हाती हे धान्य आलं तर माझ्यासारखी फजिती होऊ नये.

एक वाटी किन्वा भरपूर पाण्यात घ्यायचा आणि दोन्ही हातांनी चोळायचा. फेस येईल, ओतून द्यायचा. फेस यायचा थांबेपर्यंत पाणी बदलत राहायचं. दाणे बारीक असतात, म्हणून पाणी फडक्यातून गाळायचं, नाहीतर अर्धे मोरीत जातात. पातेल्यात तेल तापवून मोहरी, जिरं, ठेचलेला लसूण, हिरवी मिरची, कांदा. कांदा मऊ झाला की मूठभर भिजवलेले शेंगदाणे आणि वाटीभर मोड आलेली मटकी. हळद, मीठ. मग गाजर, शेवग्याच्या शेंगा, घरात असेल ते, दोडका किंवा गवार. भाज्या परतल्या की किन्वा आणि त्याच्या अडीच पट गरम पाणी. झाकण, मंद आच. दाणा शिजला की त्यातून एक पांढरी बारीक शेपटी सुटते, गोल वळलेली. ती दिसली की गॅस बंद, वर चिरलेली मेथी टाकून परत झाकण. मेथी वाफेवरच होते. ताटात लिंबू पिळायचं. आम्ही उकडलेलं अंडंही अर्धं करून ठेवतो, मायचं ताट सोडून.

त्या दिवशी मी दोन वेळा वाढून घेतलं आणि पोट भरल्यासारखं वाटलं. आजारी माणसाचं पोट भरणं आणि धडधाकट माणसाचं पोट भरणं यात फरक असतो. कित्येक वर्षांत मला पहिल्यांदा दुसऱ्या प्रकारचं वाटलं.

पाकीट किती दिवस पुरणार? काटकसर करूनही संपलंच. पण तोवर हात बसला होता. तीच मटकी, तेच शेंगदाणे, त्याच भाज्या, आणि किन्व्याच्या जागी कधी भगर, कधी भिजवलेली ज्वारी. राजगिऱ्याचंही तंत्र सापडलं, पाणी निम्मं घ्यायचं. ज्यांना हा आजार आहे त्यांनी दूरच्या धान्यासाठी जीव टाकू नये. दाणा आख्खा असावा, आणि तो कुठून कुठून फिरून आला हे माहीत असावं. बाकी पोट जुळवून घेतं.

आकडा उतरत गेला. वजन वाढलं. मग एका तपासणीत डॉक्टरांनी रिपोर्ट पाहून मला हात दिला, खरोखरचा, टेबलावरून. "आतडं भरून आलंय मारोतराव. बायकोचे पाय धरा."

मी पाय धरण्याऐवजी विचारलं, "गिरणीत जाता येईल का आता?"

त्यांनी कपाळाला आठ्या घातल्या. तोंडनाक पक्कं बांधून, थोडा वेळ, गहू सुरू नसताना कदाचित चालेल, म्हणाले. त्यांना पसंत नव्हतं, पण त्यांनी पक्कं नाहीही म्हटलं नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी पातेलं झाकून निघालो आणि गिरणीसमोर, रस्त्याच्या पलीकडं जाऊन उभा राहिलो. किती वर्षांनी इतक्या जवळ आलो होतो. पट्ट्याचा आवाज ऐकला. दगडातलं अंतर अगदी बराबर होतं. दारात डब्यांची रांग होती, माझ्या वेळेपेक्षा लांब, आणि पूर्वी पदर सावरून पुढं जाणाऱ्या बाया त्या रांगेत बसून गप्पा मारत होत्या.

सुमननं मला पाहिलं. भुवयांपर्यंत पांढरी झालेली, तोंडाला पदर गुंडाळलेला. ती उंबऱ्यापर्यंत आली आणि तिथूनच ओरडली, "तिथंच थांबा! अलीकडं येऊ नका. काय झालं? मायला बरं न्हाई का?"

"माय बरी हाय. मी म्हनलं, उद्यापासून येत जावं. तोंड बांधून. थोडा थोडा वेळ."

रांगेतल्या बाया माझ्याकडं पाहू लागल्या. सुमननं मागं वळून गिरणीकडं पाहिलं, मग माझ्याकडं. पदर नाकावरून खाली केला.

"तुमची गिरणी हाय," ती म्हणाली. आवाज एकदम बारीक झाला होता. "या. काहून न्हाई?"

इतक्या वर्षांच्या संसारात मला तिच्या बोलण्याचे अर्थ उशिरानंच कळत आले आहेत. हा तिथल्या तिथं कळला. डॉक्टरांनी मला गिरणी सोडायला सांगितली तेव्हा जीपमध्ये माझं तोंड जसं झालं असेल, तसं तिचं झालं होतं.

"न्हाई," मी म्हणालो. "मला काय, सहज इचारलं. मटकी घातली हाय आज. लवकर ये."

"मीठ पाहून टाका. काल कमी व्हतं," ती म्हणाली, पदर परत नाकावर ओढला आणि पुढच्या बाईचा डबा उचलून पाळ्यात ओतला.

मी घरी आलो. ज्यांना हा आजार झालाय आणि ज्यांना वाटतंय की आता आपलं सगळं सुटलं, त्यांना माझं एवढंच सांगणं आहे. काही सुटतं, ते खरंच सुटतं. पण ते कुणीतरी झेललेलं असतं. त्या माणसाला रोज गरम जेवण घालता आलं, तर आपणही बरे झालो असं समजावं. त्या दिवशी मीठ मी दोनदा चाखून टाकलं.